बोट लागली, की साखर उतरली?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की दवाखान्यात एक ठरावीक मागणी सुरू होते. "डॉक्टर, मालवणला चाललोय, डॉल्फिन बघायला. बोट लागू नये म्हणून काहीतरी लिहून द्या." पूर्वी मी हसत हसत चिठ्ठीवर गोळीचे नाव लिहीत असे. डिसेंबर २०२३ पासून मी आधी चार प्रश्न विचारतो आणि मगच पेन उचलतो. असे का, ते आज सांगतो. त्यात चूक माझीच आहे, त्यामुळे सांगायला कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही.

त्या डिसेंबरात आम्ही गल्लीतली बारा-तेरा माणसे आंबोली घाट उतरून देवबागला गेलो होतो. बरोबर आमचे गुरुजी होते. त्यांनी मला चौथीत शिकवले आहे. वय अठ्ठ्याहत्तर, मधुमेह वीस वर्षांचा, औषध माझेच. ग्लिमेपिराइडची गोळी ते सकाळी न्याहारीआधी घेतात. समुद्र त्यांनी आयुष्यभर भूगोलाच्या पुस्तकातून शिकवला, पण होडीत बसून कधी पाहिला नव्हता.

आदल्या रात्री मी सगळ्यांना जमवून एक छोटे व्याख्यानच दिले. "पहाटे पोट भरून खाऊ नका, तळकट नको, हलके राहा." ज्यांना भीती वाटत होती त्यांना अ‍ॅव्होमीनची गोळी दिली. काकूंच्या आग्रहावरून गुरुजींनाही अर्धी दिली. गुरुजी शिस्तीचे. 'हलके राहा' याचा अर्थ त्यांनी 'काहीच खाऊ नका' असा घेतला. पहाटे उठून अंघोळ, मधुमेहाची गोळी, एक कप बिनसाखरेचा चहा, आणि होडीत.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. नदीचे पाणी शांत असते, पण मुखाशी आले की लाटा होडीला खालून ढुशा देऊ लागतात. तिथून दक्षिणेला भोगवे, निवतीच्या बाजूला गेलो. डोक्यावर ब्राह्मणी घार, खडकांवर थंडीत उत्तरेकडून येणारे कुरव पक्षी. आमचा तांडेल हात लांब करून वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकाळ बेटांची दिशा दाखवत होता. त्या बेटांवरच्या गुहेत पाकोळ्या आपल्या लाळेने घरटी बांधतात. पूर्वेकडच्या देशांत त्या घरट्यांचे सूप करतात, म्हणून चोरटे ती काढून नेत. लाळेचे घरटे आणि त्याचे सूप ऐकून आमच्यातल्या दोघांना तिथेच मळमळले, हा भाग वेगळा.

मग डॉल्फिन दिसले. आपल्या किनाऱ्यालगत उथळ पाण्यात जे दिसतात त्यांच्या पाठीवर उंचवटा असतो. तो मासा नव्हे, सस्तन प्राणी. आपल्यासारखीच फुप्फुसे असल्यामुळे श्वासाला वर यावेच लागते आणि तेवढ्यापुरता तो आपल्याला दिसतो. तांडेलाने इंजिन बंद केले. चांगला तांडेल ओळखायची हीच खूण; जो त्यांच्या मागे होडी पळवतो तो त्यांना पळवून लावतो आणि होडीतल्या माणसांनाही जास्त हलवतो.

सगळे एका बाजूला बघत होते. गुरुजी मात्र मान खाली घालून बसले होते. चेहरा पांढरा, कपाळावर घाम. मी म्हटले, बोट लागली. काकूंना सांगितले, "गुंगी गोळीची आहे, पडून राहू द्या." पाच मिनिटांनी गुरुजींनी मला विचारले, "अरे, आज शाळेला सुट्टी कोणी दिली?" मला वाटले, थट्टा करताहेत. मी हसलोसुद्धा.

तांडेल हसला नाही. म्हणाला, "डॉक्टरांनू, ह्येंका बोट लागूक नाय. बोट लागलेलो माणूस असो बडबडणा नाय."

तीस वर्षांची प्रॅक्टिस एका वाक्यात जमिनीवर आली, म्हणजे पाण्यावर आली म्हणा. गुरुजींचा हात हातात घेतला तर थंडगार, ओला आणि थरथरता. काकूंना विचारले, "सकाळी काय खाल्लं?" त्या म्हणाल्या, "काही नाही, तुम्हीच सांगितलंत ना?" ग्लुकोमीटर माझ्या बॅगेत होता आणि बॅग गाडीत.

अशा वेळी मोजण्याची वाट पाहायची नसते. एकीजवळ कोकम सरबताची बाटली होती, चांगली गोड. गुरुजी शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून बसते करून घोट घोट पाजले. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. पंधरा मिनिटांत गुरुजींची नजर थाऱ्यावर आली. मग ग्लुकोजची चार बिस्किटे दिली, कारण नुसत्या सरबताची साखर लवकर संपते. किनाऱ्यावर येऊन मोजली तेव्हा ८४ भरली. इतर कोणी असता तर म्हणाला असता, झाले, आता जेवायला चला. पण या गटातल्या गोळ्यांचा अंमल बराच वेळ टिकतो आणि उतारवयात आणखी लांबतो. गुरुजींना जवळच्या रुग्णालयात नेले. दुपारी साखर पुन्हा ६६ वर आली. रात्रभर सलाइनमधून ग्लुकोज द्यावे लागले. सकाळी त्यांनी पहिला प्रश्न केला, "डॉल्फिन किती होते?"

माझ्या चुका तीन. मधुमेह्याला वेगळे बोलावून 'खाऊनच निघायचे' असे सांगितले नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गुंगी आणणारी गोळी दिली. म्हाताऱ्या माणसांना या गोळ्यांनी भ्रम होऊ शकतो, आणि खरे तर उतारवयात बोट कमीच लागते. तिसरी म्हणजे दिसले त्याला सोयीचे नाव दिले. घाम, पांढरा चेहरा, मळमळ ही लक्षणे बोट लागल्यावरही दिसतात आणि साखर उतरल्यावरही. पण असंबद्ध बोलणे, हात थरथरणे, विलक्षण भूक, चिडचिड ही साखरेची. छातीत दाब आणि घाम असेल तर हृदयाचा विचार आधी करायचा. संशय आला की मधुमेह्याला तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा तेवढीच. होडीत ग्लुकोजची पुडी शर्टाच्या खिशात हवी.

आता बोट का लागते ते पाहू. आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा आहे, तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या जोडीला सूक्ष्म खड्यांच्या पिशव्या. होडी हलते हे कान मेंदूला कळवतो. डोळे मात्र होडीच्या तळाकडे किंवा मोबाइलकडे लागलेले असले तर ते सांगतात, काही हलत नाही. दोन साक्षीदारांची साक्ष जुळत नाही आणि मेंदूच्या गोंधळाची शिक्षा पोटाला होते. म्हणून दूर क्षितिजाकडे बघावे. दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्यातून सतत बघणाऱ्याला सर्वांत आधी उलटी होते, हे डॉल्फिन बघायला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. होडीच्या मध्यावर बसा. पुढचे टोक जास्त आपटते आणि मागे इंजिनाचा धूर येतो. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही, त्यापुढे बाराव्या वर्षापर्यंत जास्त होतो. गर्भवतींना आणि अर्धशिशीच्या रुग्णांनाही अधिक.

रिकामे पोट हा उपाय नव्हे. निघण्याआधी तास-दीड तास थोडी पेज, इडली किंवा भाकरीचा तुकडा खावा. आल्याचा तुकडा चघळल्याने काहींना बरे वाटते. गोळी घ्यायचीच तर निघण्यापूर्वी तास-दोन तास. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबर बाहेर येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये आणि घेतल्यावर घाटातून गाडी चालवू नये.

लाइफ जॅकेटबद्दल दोन शब्द. उकडते म्हणून पुष्कळ जण ते बुडाखाली घेऊन बसतात. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला. जॅकेट अंगात आणि पट्टे आवळलेले असावे. मुलांना मोठ्यांचे घालू नये, पाण्यात ते डोक्यावरून निघून जाते. आणि होडीत डॉल्फिन दिसले की सगळ्यांनी एकाच बाजूला धावू नये.

गुरुजी पुढच्या थंडीत पुन्हा आले. मीच घेऊन गेलो. न्याहारी माझ्यासमोर, गोळी त्यानंतर लगेच होडीत चढण्याआधी नव्हे तर न्याहारीच्या ताटावरच, आणि खिशात राजगिऱ्याच्या वड्या. तांडेल तोच होता. त्याने आधी माझ्याकडे बघून विचारले, "खाल्ल्यानी मां?"

फेरीहून आल्यावर रात्री अंथरुणात खाट हलल्यासारखी वाटते, अशी तक्रार घेऊन काही जण येतात. कानाला हालचालीची सवय झालेली असते, ती मोडायला काही तास, क्वचित एक-दोन दिवस लागतात. त्याला औषध नको. मात्र हलण्याबरोबर बोलणे अडखळत असेल, एका बाजूचा हातपाय जड वाटत असेल, एक वस्तू दोन दिसत असतील, तर ती होडीची हालचाल नव्हे. तशीच रात्री गाडी काढून रुग्णालय गाठावे.