शक्ती उतरत असताना घर कसे मांडावे

पवनी तालुक्यातील आसगाव हे चौरास भागातले गाव. वैनगंगेच्या खोऱ्यातील सुपीक जमीन, धानाच्या बांध्या, पावसाळ्यात सुरू होणारी रोवणी आणि त्या दिवसांत अंगणापासून धुऱ्यापर्यंत पसरलेला चिखल हा इथल्या जीवनाचा नित्यक्रम आहे. ज्याचे पाय शाबूत आहेत त्याला या चिखलाची, सपरीच्या दोन पायऱ्यांची, उंच उंबरठ्याची किंवा सांदवाडीच्या टोकाला बांधलेल्या संडासाची दखलही घ्यावी लागत नाही. परंतु ज्याच्या देहाची शक्ती वर्षागणिक उतरत चालली आहे, त्याच्या दिवसाचा बहुतेक पुरुषार्थ याच चार ठिकाणी खर्ची पडतो, आणि ज्या कामासाठी तो सकाळी उत्साहाने उठला असेल ते काम दुपारपर्यंत तसेच राहून जाते.

अपघाताने पाय गेला, तर दुःख मोठे असले तरी त्याचे स्वरूप एकदा निश्चित होते आणि त्या मापाने घराची, धंद्याची व सवयींची पुनर्रचना करता येते. उत्तरोत्तर वाढणाऱ्या अपंगत्वाचे तसे नाही. स्नायूंचा क्षय घडविणारे ड्युशेनसारखे आनुवंशिक विकार, पार्किन्सनचा कंपवात, मल्टिपल स्क्लेरोसिस हे सारे या जातीचे. विदर्भात ज्याचे प्रमाण लक्षणीय आहे त्या सिकलसेलचीही गणना येथे केली पाहिजे. कारण त्या व्याधीत मांडीच्या हाडाच्या गोलाचा रक्तपुरवठा तुटून तो गोल हळूहळू खचतो आणि ऐन तारुण्यात माणूस लंगडू लागतो. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सातच प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले आणि वर सांगितलेल्या सर्व व्याधींना त्या यादीत स्थान दिले. ही गोष्ट खेड्यापाड्यांतील कित्येक कुटुंबांच्या कानावर अद्याप गेलेली नाही, याची खंत वाटते.

अशा घरात माझ्या मते एकच धोरण ठेवावे. घराची मांडणी आजच्या शरीराला पुरेल एवढीच न करता दोन वर्षांनंतरच्या शरीराला पुरेल अशी करावी. आज काठी लागते म्हणून काठीपुरती जागा सोडली, आणि पुढे चाकाची खुर्ची आली तेव्हा दारे अरुंद निघाली, तर दोन वेळा गवंडी बोलवावा लागतो. गरीब घराला दोनदा गवंडी परवडत नाही, आणि मधला सगळा काळ आजारी माणूस घरातच कोंडला जातो.

प्रथम पायऱ्यांचा विचार करू. उतार बांधताना एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे माप सर्वमान्य आहे. सपरी अंगणापासून दोन फूट उंच असेल तर उतार चोवीस फुटांचा हवा. एवढी सरळ जागा क्वचितच मिळते. तेव्हा तो भिंतीलगत नेऊन मध्ये वळवावा आणि वळणावर खुर्ची फिरेल एवढा सपाट चौथरा ठेवावा. पुष्कळ ठिकाणी चार-पाच फुटांत उरकलेला जो उभा उतार दिसतो, त्याच्यावरून खुर्ची ढकलणाऱ्याची दमछाक होते आणि उतरताना बसलेल्याचा जीव टांगणीला लागतो. तो असण्यापेक्षा नसलेला बरा. उताराचा पृष्ठभाग गुळगुळीत घोटू नये, सिमेंट ओले असतानाच त्यावर आडव्या रेघा ओढून घ्याव्यात, म्हणजे पावसात पाय घसरत नाही. दाराची मोकळी रुंदी तीन फूट असावी. उंबरठ्याविषयीची श्रद्धा मी समजू शकतो. पण जमिनीशी समतल बसविलेल्या लाकडी पट्टीलाही हळदकुंकू वाहता येते.

संडासाचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि संकोचापायी त्यावर घरात कोणी बोलत नाही. उकिडवे बसणे हीच क्षीण होणाऱ्या शरीराला सर्वांत आधी अशक्य होणारी क्रिया असते. खचत्या खुब्याच्या रोग्याला तर ती वेदनेबरोबर अपायही करते. बैठकीची उंची दीड फुटाच्या आसपास असावी आणि बाजूच्या भिंतीत लोखंडी कठडा पक्का रोवावा. नवा कमोड बसविण्याची ऐपत नसेल तर सुताराकडून मधोमध भोक ठेवलेली भक्कम खुर्ची करवून ती जुन्या भांड्यावर ठेवावी. न्हाणीतही अशीच एक खुर्ची, पाठीशी टेकू आणि हाताशी पाण्याची बादली एवढी तजवीज केली, की आंघोळीसाठी दुसऱ्याच्या हातांची गरज पुष्कळ काळ पुढे ढकलता येते. आणि लज्जारक्षणाचे हे सुख किती मोठे असते ते ज्याला दुसऱ्याकडून अंग धुऊन घ्यावे लागते त्यालाच ठाऊक. बाज सैल व बुटकी असेल तर तीवरून उठणे कठीण. तिच्या पायांखाली लाकडी ठोकळे देऊन ती गुडघ्याच्या उंचीला आणावी.

शक्ती ही कोठीतल्या धान्यासारखी मोजून काढावी लागते, आणि कशासाठी काढायची हे ज्याची कोठी त्यानेच ठरवावे. ज्या गृहिणीला भाकरी स्वतः थापण्यात आनंद आहे, तिने भाजी बसून चिरावी, पाणी दुसऱ्याला भरू द्यावे, गुंड्यांच्या ऐवजी चिकटपट्टीचे कपडे वापरावेत, आणि वाचलेले बळ भाकरीवर खर्च करावे. घरची माणसे प्रेमापोटी नेमकी तीच भाकरी तिच्या हातातून काढून घेतात. चाकाच्या खुर्चीचेही असेच आहे. ती म्हणजे पराभवाची कबुली, असे समजून लोक ती वर्षानुवर्षे टाळतात. वस्तुतः जो माणूस पडण्याच्या भीतीने बाजाराला जाणे सोडून बसला होता, तो खुर्चीमुळे पुन्हा बाजारात जाऊ शकतो. थोडे चालता येत असतानाही लांबच्या अंतरासाठी ती वापरण्यात काही वावगे नाही.

सिकलसेलच्या रुग्णाने रोवणीच्या दिवसांत विशेष जपले पाहिजे. थंड पाण्यात तासन्‌तास उभे राहणे, पावसात भिजणे, कामाच्या घाईत पाणी पिण्याचे विसरणे आणि अतिश्रम ही वेदनेच्या झटक्याची परिचित कारणे आहेत. अशा व्यक्तीला चिखलात उतरवण्याऐवजी पेंढ्या मोजणे, मजुरीचा हिशेब ठेवणे असली बांधावरची कामे द्यावीत. कर्त्या शेतकऱ्याला हे पटायला वेळ लागतो, पण झटका आल्यावर दवाखान्यात जाणारे दिवस हिशेबात धरले की पटते.

ड्युशेनच्या मुलाची गोष्ट वेगळी. तीन ते पाच वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना हात मांड्यांवर टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहू लागला, तर त्याला आळशी म्हणून न रागावता वैद्यकीय तपासणीस न्यावे. दमेपर्यंत जिने चढविल्याने त्याचे स्नायू बळकट होत नाहीत, उलट अधिक झिजतात. पण निव्वळ अंथरुणावर ठेवल्यानेही सांधे आखडतात. पोटरी व टाच यांना रोज सावकाश ताण देणे हा त्यावरचा मार्ग, आणि तो आईवडिलांनी फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावा. पुढे वय वाढल्यावर सकाळी डोके दुखणे, रात्री झोप वारंवार मोडणे, दिवसा गुंगी येणे अशी चिन्हे दिसली तर रात्रीचा श्वास अपुरा पडत असण्याची शक्यता असते. तेव्हा विलंब लावू नये. हृदयाची तपासणीही नियमित हवी. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरला या विकाराची कल्पना दिलीच पाहिजे, कारण भुलेची काही औषधे या मुलांच्या जिवावर बेततात. विकाराचे नाव लिहिलेला कागद मुलाच्या दप्तरात कायम असू द्यावा.

कंपवाताच्या वृद्धाचे पाय दारात येऊन एकाएकी जमिनीला खिळल्यासारखे होतात. त्यांना मागून ढकलणे किंवा ओढणे हा पाडण्याचाच उपाय ठरतो. जमिनीवर पावला-पावलाच्या अंतराने चुन्याच्या ठळक आडव्या रेषा काढल्या, की त्या रेषेवरून पाऊल टाकायचे आहे अशा दृष्टीने पुष्कळांचे पाय पुन्हा चालू लागतात. घरच्या पांढऱ्या चुन्याने होणारा हा उपचार कोणालाही करता येण्याजोगा आहे. त्यांच्या गोळ्यांची वेळ मात्र घड्याळाप्रमाणे पाळावी. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या संस्थेत रुग्ण व नातलग एकत्र बसून अशा युक्त्यांची देवघेव करतात. तालुक्याच्या गावी तशी मंडळी महिन्यातून एकदा जमली तरी बरेच साधेल.

ज्यांना एकाच स्थितीत बसावे वा निजावे लागते, त्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी आणि कंबर, टाचा, माकडहाड रोज पाहावे; दाबल्यावरही न मावळणारा लाल डाग ही जखमेची पूर्वसूचना असते. उचलणाऱ्यानेही कंबरेतून न वाकता गुडघे मोडून उचलावे. सेवा करणाऱ्याची पाठ गेली तर घरात दोन रुग्ण होतात.

वरोऱ्याच्या आनंदवनातील बाबा आमटे यांना मणक्याच्या विकाराने बसणे अशक्य करून टाकले होते. उभे राहता येई किंवा आडवे पडता येई. तरीही १९८५ साली कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंतच्या भारत जोडो यात्रेत ते गाडीत निजून सहभागी झाले. एवढे अलौकिक मनोबल सर्वांकडून अपेक्षिणे अन्यायाचे होईल. पण गाडीत बिछान्याची सोय केली होती म्हणून ते मनोबल कामी आले, ही बाजू आपण सहसा ध्यानात घेत नाही.

सरकारदरबारच्या बाबी थोडक्यात सांगतो. दिव्यांगत्वाचा दाखला आणि त्याबरोबरचे ओळखपत्र यांसाठी ऑनलाइन अर्ज करून शासकीय रुग्णालयात तपासणी करून घ्यावी लागते. बहुतेक सवलतींना किमान चाळीस टक्के अपंगत्व लागते. व्याधी वाढती असल्याने जुन्या दाखल्यावर समाधान न मानता फेरतपासणीचा अर्ज करावा. एस.टी.च्या प्रवासात सवलत आहे, परीक्षेत लेखनिक व वाढीव वेळ मिळतो, निराधार अनुदानासाठी तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. याखेरीज ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा पाच टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा शासनाचा आदेश आहे. वर सांगितलेला उतार, कठडा, बैठकीचा संडास या गोष्टींसाठी त्याच निधीतून मदत मागता येते. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी, आणि ग्रामसभेत विषय निघेल तेव्हा त्या माणसाला स्वतः तेथे नेऊन बसवावे. सभा पायऱ्या चढून जायच्या सभागृहात असेल तर ती त्या दिवशी अंगणात घ्यावी, अशी मागणी अर्जातच लिहावी.