मोडीत घालण्याआधी नाव वाचा

आज तुम्हाला आमच्या उन्हाळी सहलीबद्दल सांगते, आणि त्या सहलीत मला उशिरा कळलेली एक गोष्टही सांगते.

मे महिन्यात आमच्या बचत गटाच्या नऊ जणींनी जीप ठरवली. पुणे, वाई, महाबळेश्वर, प्रतापगड असा दोन दिवसांचा बेत होता. किलोमीटरचा दर, टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता हे आधीच ठरवून वहीत लिहून घेतलं. तुम्हीही तसंच करा, म्हणजे परतल्यावर वाद होत नाहीत.

रविवारी सकाळी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. जुनी कुलपं, कंदील, नाणी, तांब्या-पितळेची भांडी, सगळं जमिनीवर मांडलेलं असतं. तिथे एक पितळी डबा हातात घेतला, तर त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं एका बाईचं नाव! दुकानदाराने सांगितलेली किंमत ऐकून मी गप्पच झाले. कारण सासूबाईंच्या नावाचा असाच डबा मी दोन वर्षांपूर्वी मोडीच्या भावाने घालवला होता, स्टीलचे चार डबे घ्यायला.

म्हणून सांगते, जुनं भांडं विकताना किंवा घेताना एवढं बघा. त्या दिवशीचा मोडीचा भाव आधी दोन ठिकाणी विचारा. भांड्याला लोहचुंबक लावा. चिकटलं, तर आत लोखंड आहे. टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर चीर असू शकते. पाणी भरून गळती बघा. झाळ दिलेलं, म्हणजे जोडलेलं भांडं शोभेला ठेवा, स्वयंपाकाला नको. जुन्या झाळेत शिसं असू शकतं.

आणि कल्हई विसरू नका. तांब्या-पितळेला ताक, चिंच, लिंबू लागलं की धातू अन्नात उतरतो. हिरवा थर चढतो तोही विषारीच. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकतो, कथील फिरवून कापसाने पुसतो. आत पांढरा चकचकीत थर बसतो. तो झिजून लाल-पिवळं दिसू लागलं की पुन्हा कल्हई करून घ्यायची.

दुपारी वाईजवळच्या मेणवलीला पोचलो. कृष्णेकाठी नाना फडणवीसांचा वाडा आणि दगडी घाट आहे. घाटावरच्या देवळापाशी एक मोठी घंटा टांगलेली आहे, तिच्यावर 1707 साल आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या. ही त्यांतलीच एक. ती वितळवली असती तर नुसता धातू उरला असता. ठेवली, म्हणून आज वसईची लढाई सांगता येते.

पसरणीचा घाट चढून संध्याकाळी महाबळेश्वरच्या वेण्णा तळ्यावर बसलो. हे तळं निसर्गाचं नाही बरं का. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी 1842 मध्ये गावाच्या पाण्यासाठी ते बांधवून घेतलं. आज लोक तिथे नावेत बसायला येतात. गार वाऱ्यात भाकरी-ठेचा खाल्ला, मक्याची कणसं घेतली.

दुसऱ्या दिवशी प्रतापगड. 1659 च्या नोव्हेंबरात याच्याच पायथ्याशी शिवाजी महाराज आणि अफजलखानाची भेट झाली. पायऱ्या बऱ्याच आहेत, म्हणून ऊन चढायच्या आत वर गेलो आणि भवानीमातेचं दर्शन घेतलं. गुडघे दुखणाऱ्या दोघी खालीच थांबल्या. त्यात लाज वाटून घेण्यासारखं काही नाही.

परतताना जीपमध्ये एक जण म्हणाली, "वाडा नानांचा, तळं आप्पासाहेबांचं, गड महाराजांचा. बायांचं नाव कुठे दिसलं?" मी म्हटलं, "डब्यावर."

आपल्या आज्या-सासवांचं नाव सातबाऱ्यावर क्वचितच लागलं. लग्नात मिळालेल्या भांड्यावर मात्र ते आहे. गरज पडली तर भांडं जरूर विका, घर चालवणं आधी. पण विकण्याआधी राखेने घासून नाव वाचा, वहीत उतरवा, मोबाइलवर फोटो काढा. आमच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने असं एक भांडं आणायचं ठरलं आहे. मी रिकाम्या हाताने जाईन, पण सासूबाईंचं नाव वहीत पहिलं लिहीन.

तुमच्या माळ्यावर कुणाचं नाव आहे, आजच बघा.