तिले चौथी तरी भेटली

दिवाळीत हैदराबादहून बाजारहत्नूरला गेलो, तेव्हा घरच्यांना लॅपटॉपवर 'मी सिंधुताई सपकाळ' दाखवला. अनंत महादेवन यांचा २०१० चा चित्रपट. नवऱ्याने हाकललेली सिंधुताई गोठ्यात बाळंत होते, तिथे आई आणि बहीण पदराने डोळे पुसू लागल्या. भाचा मोबाइलवर शोधून सांगत होता, "२०२१ मध्ये पद्मश्री मिळाली त्यांना!"

आजी मात्र कोरडीच. तिच्या दोन बाळंतपणांना सुईणही वेळेवर पोचली नव्हती. तिला त्यात नवल ते काय?

ती रडली लहानपणाच्या भागाला. वर्ध्याकडच्या घरात नको असलेली पोर म्हणून 'चिंधी' हे नाव, म्हशी राखणं आणि चौथीनंतर सुटलेली शाळा. "तिले चौथी तरी भेटली. मले म्हशीच भेटल्या," एवढंच म्हणाली.

ऑफिसात मी क्लायंटला दिवसभर प्रश्न विचारतो. आजीला तिच्या लहानपणाबद्दल चौतीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. रात्री अंगणात, दुसरं काही सुचेना म्हणून विचारलं, "किती म्हशी होत्या गं?"

तिने आकडा सांगितला नाही. बोटं मोडत एकेकीचं नाव सांगितलं.