मोटारसायकलला विजेची जोड : इंजिन उतरविण्यापूर्वीचा हिशेब

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला हे गाव मँगनीजच्या भूमिगत खाणीमुळे सर्वपरिचित आहे. ही खाण १९६२ साली स्थापन झालेल्या मॉइल या सरकारी कंपनीकडे आहे. याच तालुक्यात डोंगरी बुजुर्ग येथे या कंपनीने विद्युत्-विश्लेषणाने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड तयार करण्याचा कारखाना उभारला. हातातल्या विजेरीत जे कोरडे घट घालतात, त्यांसाठी हा पदार्थ लागतो. तेव्हा या भागातील मातीचा विजेच्या घटांशी संबंध नवा नाही. मोटारसायकल चालविणाऱ्या लिथियम घटांच्या एका प्रमुख जातीतही निकेल व कोबाल्ट यांच्या जोडीला मँगनीज असते.

खाणीवर पाळीला जाणारा कामगार, दुधाचे कॅन पोचविणारा गवळी आणि धानाच्या बांध्यांवर दिवसातून दोनदा फेरी मारणारा शेतकरी या सर्वांचे आज मोटारसायकलवाचून चालत नाही. पेट्रोलचा खर्च मात्र सर्वांनाच जाणवतो. त्यामुळे जुनी फटफटी घरच्या घरी विजेवर चालवावी, असा विचार अनेक गावांतील होतकरू तरुणांच्या मनात येतो. हा विचार चुकीचा नाही. तथापि इंजिनाचे बोल्ट सैल करण्याआधी पैशाचा, सुरक्षिततेचा आणि कायद्याचा हिशेब पुरा केला पाहिजे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सल्ला देताना याच क्रमाने बोलावे.

प्रथम पैशाचे पाहू. ठाणे येथील गोगोए१ या कंपनीने २०२१ साली हिरो स्प्लेंडर मोटारसायकलसाठी मान्यताप्राप्त विद्युत्-संच बाजारात आणला. त्या वेळी बॅटरी व कर सोडून संचाची किंमत सुमारे ३५,००० रुपये होती आणि बॅटरीसह सर्व खर्च ९५,००० रुपयांच्या घरात जात होता. हाच आकडा हिशेबासाठी घेऊ. गावरस्त्यावर एका लिटरमध्ये ५० किलोमीटर अंतर पडते व लिटरचा दर १०० रुपये आहे असे धरले, तर शंभर किलोमीटरला २०० रुपये लागतात. विजेवर तेवढ्याच अंतराला, चार्जिंगमधील घट धरून, सुमारे ४ युनिट खर्च होतात. युनिटला ८ रुपये धरल्यास ३२ रुपये झाले. म्हणजे शंभर किलोमीटरमागे १६८ रुपये वाचतात.

जो मनुष्य रोज ४० किलोमीटर याप्रमाणे वर्षातून ३०० दिवस फिरतो, त्याची वर्षाला सुमारे २०,००० रुपये बचत होते. त्याचे भांडवल पावणेपाच वर्षांत वसूल होते. परंतु जो रोज दहाच किलोमीटर जातो, त्याची बचत वर्षाला जेमतेम ५,००० रुपये होईल आणि भांडवल सुटण्यास एकोणीस वर्षे लागतील. तोवर पहिली बॅटरी टिकणार नाही हे उघड आहे. घर ते शेत एवढीच ज्याची वाट आहे त्याने या खर्चात पडू नये. त्याला विजेची सायकल अधिक सोयीची. ज्या वाहनाच्या मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी व वेग तासाला २५ किलोमीटरपेक्षा कमी असतो आणि जे यासंबंधीच्या इतर अटीही पूर्ण करते, ते कायद्याने मोटार वाहन ठरत नाही व त्यास नोंदणी लागत नाही.

बॅटरी हीच टाकी

विजेच्या गाडीत बॅटरी म्हणजे पेट्रोलची टाकी. तिची क्षमता काढण्याची रीत सोपी आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास केले की वॅट-तास मिळतात. ७२ व्होल्ट व ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीत २,८८० वॅट-तास साठतात. बॅटरी तळापर्यंत रिकामी करणे हितावह नसल्याने त्यांतील सुमारे २,४५० उपयोगात येतात. एक माणूस व थोडे ओझे घेऊन मध्यम वेगाने जाताना किलोमीटरला ३५ वॅट-तासांच्या आसपास खर्च येतो. यावरून पल्ला ७० किलोमीटर ठरतो. जाहिरातीत याहून बराच मोठा आकडा दिसला तर तो संथ, एकसारख्या वेगाचा समजावा. मागे दोन कॅन बांधून चढ चढणाऱ्याने तो आपला मानू नये.

शिशाच्या बॅटऱ्या स्वस्त पडतात, परंतु एवढ्याच क्षमतेला त्यांचे वजन पाऊणशे किलोच्या आसपास जाते. ते ओझे जुन्या सांगाड्यावर लादणे धोक्याचे होय. लिथियमच्या दोन जाती प्रचारात आहेत. मँगनीज असलेली जात हलकी असते. लोह-फॉस्फेटची जात थोडी जड असली तरी उष्णतेत अधिक स्थिर राहते व तिचे आयुष्यही जास्त असते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, हे लक्षात घेता येथे लोह-फॉस्फेटचीच निवड करावी. गावाच्या खाणीतील खनिजाचा अभिमान या बाबतीत बाजूस ठेवलेला बरा.

जुन्या लॅपटॉपमधील घट सुटे करून घरी डाग देऊन बॅटरी बांधण्याचा प्रकार काही ठिकाणी होतो. तो सर्वथा टाळावा. प्रत्येक घटाच्या व्होल्टवर व तापमानावर देखरेख ठेवणारी नियंत्रण-पट्टी आणि घट परस्परांशी जुळलेले असणे, ही लिथियम बॅटरीची सुरक्षितता होय. सप्टेंबर २०२२ मध्ये वसई येथे घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन एका लहान मुलाचा मृत्यू झाला. त्या वर्षी देशात अशा आगी अनेक लागल्या आणि त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे निकष अधिक कडक केले. सबब झोपण्याच्या खोलीत, तणसाच्या ढिगाजवळ, गोठ्यात किंवा तापलेल्या पत्र्याखाली चार्जिंग करू नये. गाडी उन्हातून आल्यावर अर्धा तास थंड होऊ द्यावी. रात्री सर्व निजल्यावर चार्जिंग चालू ठेवू नये. प्लग १५ अँपिअरचा व अर्थिंग केलेला असावा. शेतीपंपाच्या जोडणीवरून गाडी चार्ज करणे हा विजेचा अनधिकृत वापर ठरतो व त्यावर २००३ च्या विद्युत् कायद्याखाली आकारणी होऊ शकते.

जोडणीचे काम

यंत्राच्या दृष्टीने हे काम चांगल्या मिस्त्रीच्या आवाक्यातील आहे. इंजिन, टाकीतील नळ्या, सायलेन्सर व साखळी काढून मागच्या चाकात मोटर बसवितात. कंट्रोलर, बॅटरी, दिवे व हॉर्नसाठी १२ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर आणि विजेची मूठ एवढी सामग्री त्यास लागते. मात्र काही गाड्यांत इंजिन हाच सांगाड्याचा एक भाग असतो. तेथे इंजिन काढताच सांगाडा दुबळा होतो, म्हणून आधी ही बाब तपासावी. गंजलेला किंवा अपघातात वाकलेला सांगाडा या कामी घेऊच नये.

नवशिक्याची चूक बहुधा चाकाच्या आसात होते. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा आस तेवढ्याच जोराने उलट फिरू पाहतो. त्यास अडविणारा पोलादी हात बसविला नाही तर आस खोबणीतून सुटतो, तारा पिळवटून तुटतात व चाक निखळण्याची भीती असते. दुसरी चूक विजेच्या बाबतीत होते. ७२ व्होल्टची म्हणून ओळखली जाणारी बॅटरी पूर्ण भरल्यावर ८४ ते ८८ व्होल्टपर्यंत जाते. हा एकदिश प्रवाह अंगावर घेण्याजोगा नव्हे. त्यासाठी घरातील साधे ब्रेकर न लावता एकदिश प्रवाहाचेच ब्रेकर व फ्यूज लावावेत. पाना दोन्ही टोकांवर पडला तर क्षणात लाल होतो, म्हणून पान्याच्या दांड्यास रबरी वेष्टण असावे व हातातील अंगठी, कडे काढून ठेवावे. ब्रेक दाबताच मोटर बंद पडेल अशी जोडणी हवी. इंजिनाचा अडसर गेल्याने उतारावर गाडी पूर्वीपेक्षा मोकळी धावते, तेव्हा ब्रेकचे अस्तर नवे घालावे. गाडीचा आवाज होत नसल्याने वाटेतील गुरे व म्हातारी माणसे सावध होत नाहीत, एवढेही चालकाने ध्यानी धरावे.

एवढे सर्व नीट केले तरी घरी बदललेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ यास आड येते. नोंदणी-पुस्तकातील तपशील बदलेल असा फेरफार परवानगीवाचून करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारील आणि समोरच्या जखमीची भरपाई मालकाच्या शेतीवर येईल. ही जोखीम दंडापेक्षा कितीतरी मोठी आहे.

कायदेशीर मार्ग उपलब्ध आहे. पुण्याच्या एआरएआय या संस्थेसारख्या अधिकृत चाचणी संस्थेने आपल्याच गाडीच्या नमुन्यासाठी मान्य केलेला संच घ्यावा. मान्यतेच्या प्रमाणपत्राची प्रत पैसे देण्यापूर्वी मागावी. संच कंपनीने नेमलेल्या केंद्रातच बसवून घ्यावा व परिवहन कार्यालयात इंधनाच्या रकान्यातील पेट्रोल बदलून वीज अशी नोंद करवावी. त्यानंतर हिरवी पाटी मिळते. बदल झाल्याचे विमा कंपनीस लेखी कळवावे. घरच्या मिस्त्रीच्या हाती देखभाल, तारांची तपासणी व ब्रेकचे काम राहतेच, आणि तेही थोडे नाही.

काढलेले इंजिन लगेच भंगारात घालू नये. त्याचा क्रमांक नोंदणी-पुस्तकात असतो. नवी नोंद हाती येईपर्यंत ते कोरड्या जागी, क्रमांक वाचता येईल असे ठेवावे.