आजोबांवर चोरीचा आळ

२०१२ साली निघालेला ‘जॉन कार्टर’ हा चित्रपट आम्ही परवा घरी सहकुटुंब पाहिला. मंगळावर जाऊन पडलेला अमेरिकन कप्तान, चार हातांचे हिरवे योद्धे, रिंगणात श्वापदांशी झुंज आणि संकटात सापडलेली राजकन्या! मी पडलो मराठीचा प्राध्यापक. वाङ्मयचौर्य हुडकण्याची खोड जुनीच. लगेच निकाल देऊन मोकळा झालो, “ही ‘स्टार वॉर्स’ची नक्कल, वर ‘अवतार’ची फोडणी!”

चिरंजीव हसून म्हणाले, “बाबा, मूळ कादंबरी केव्हाची, ते तरी पाहा.”

पाहिले आणि ओशाळलो. एडगर राइस बरोज यांची ही कथा १९१२ साली ‘ऑल-स्टोरी’ मासिकात क्रमशः आली. १९१७ मध्ये ‘अ प्रिन्सेस ऑफ मार्स’ या नावाने तिचे पुस्तक झाले. ‘स्टार वॉर्स’ १९७७ चा, ‘अवतार’ २००९ चा! ‘अवतार’कार जेम्स कॅमेरॉन यांनी तर बरोज यांचे ऋण स्वतःच सांगितले आहे. म्हणजे आम्ही नातू आधी पाहिला आणि आजोबा त्याच्यासारखे दिसतात म्हणून त्यांच्यावर चोरीचा आळ घेतला! बरोज १९५० सालीच वारले. खुलासा करायला येणार कोण?

तेवढ्यात एक जुना शेरा आठवला. एका विद्यार्थिनीच्या कथेवर मी लाल शाईने ‘कल्पना उसनी’ असे लिहिले होते. आधार एवढाच, की तसे काहीतरी मी आधी वाचले होते. ती मात्र जिवंत आहे आणि माझ्याच वर्गात बसते. सुट्टी संपली की तिची वही मागून घेऊन तो शेरा माझ्याच हाताने खोडणार आहे.