आम्मीची खिदमत आणि कौन्सिलची मदत

रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी मुस्लिम घरांतील माणसे इंग्लंडमध्ये स्थायिक झाली आहेत. त्यांपैकी सुरुवातीला गेलेली मंडळी आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे गेली आहेत. कुणाला पक्षाघात झाला आहे, कुणाला विसरण्याचा आजार जडला आहे. त्यांना आंघोळ घालणे, भरवणे, रात्री दोनदा उठून बाथरूमला नेणे हे सारे बहुधा एकाच व्यक्तीवर पडते. ती कधी मुलगी असते, बरेचदा सून. मदत मागावी असे तिच्या मनात येते, पण इकडून फोनवर प्रश्न जातो, “आम्मीला परक्यांच्या हाती दिलंत का?” मग ती गप्प बसते.

म्हणून ही माहिती तिकडच्यांइतकीच इकडच्यांनीही वाचावी.

कायदा काय सांगतो?

इंग्लंडमध्ये ‘केअर अ‍ॅक्ट २०१४’ हा कायदा आहे. त्याच्या मुख्य तरतुदी एप्रिल २०१५ पासून लागू झाल्या. ज्या प्रौढ व्यक्तीला देखभालीची गरज आहे असे दिसते, तिची असेसमेंट, म्हणजे गरजांची पाहणी करणे स्थानिक कौन्सिलवर बंधनकारक आहे. ही पाहणी मोफत असते. बँकेत किती पैसे आहेत, हा प्रश्न त्यानंतर येतो. कौन्सिलच्या ‘अ‍ॅडल्ट सोशल केअर’ विभागाला फोन करून ती मागता येते. (स्कॉटलंड आणि वेल्सचे कायदे वेगळे आहेत.)

मदतीला पात्र ठरण्यासाठी कायद्यात दहा गोष्टींची यादी आहे. खाणे-पिणे, अंगाची स्वच्छता, शौचाला जाणे, योग्य कपडे घालणे, घरात सुरक्षित वावरणे, घर राहण्याजोगे ठेवणे, नातीगोती टिकवणे वगैरे. आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे यांतील दोन किंवा अधिक गोष्टी जमत नसतील आणि त्याचा जगण्यावर मोठा परिणाम होत असेल, तर व्यक्ती पात्र ठरते. ‘जमत नाही’ याचा अर्थही व्यापक आहे. एखादे काम करताना फार वेदना होत असतील, नेहमीपेक्षा खूप वेळ लागत असेल किंवा पडण्याची भीती असेल, तरी ते ‘जमत नाही’ असेच धरले जाते.

आपले घोडे कुठे अडते?

सोशल वर्कर घरी येते. आपण चहा-बिस्किटे पुढे करतो. आम्मी नवा दुपट्टा घेऊन ताठ बसते. “कसं चाललंय?” असे विचारले की सगळे एका सुरात सांगतात, “अल्हम्दुलिल्लाह, सगळं ठीक आहे.” शुक्र अदा करणे ही आपली तरबियत आहे, पण समोरची व्यक्ती तेच उत्तर कागदावर उतरवते आणि मदत नाकारली जाते.

पाहणीच्या वेळी सर्वांत वाईट दिवस कसा असतो ते सांगावे. आधी आठवडाभर वही ठेवावी. रात्री किती वेळा उठावे लागले, औषध कितीदा विसरले, आम्मी कुठे पडली, हे सारे तारखेसह लिहावे. वुझू आणि तहारतसाठी पाणी लागते, बाईच्या अंगाला बाईनेच हात लावावा, जेवण हलालच हवे, हेही स्पष्ट सांगावे. व्यक्तीच्या इच्छा आणि श्रद्धा लक्षात घेणे कायद्यानेच कौन्सिलवर सोपवले आहे. इंग्रजी येत नसेल तर दुभाषा मागावा. शाळकरी नातवाला त्या कामाला बसवू नये.

पैशाचा हिशेब

देखभालीचा खर्च कुणी करायचा, हे आजारी व्यक्तीच्या स्वतःच्या उत्पन्न-बचतीवर ठरते. मुलाचा पगार त्यात धरत नाहीत. बचत २३,२५० पौंडांपेक्षा जास्त असेल तर सर्वसाधारणपणे खर्च स्वतः करावा लागतो. देखभाल घरीच होणार असेल तर राहते घर हिशेबात येत नाही. म्हणून “घर जाईल” या भीतीने अर्जच न करणे चुकीचे आहे.

मदत रोख रकमेच्या स्वरूपातही घेता येते. तिला ‘डायरेक्ट पेमेंट’ म्हणतात. त्यातून ओळखीची, आपली भाषा बोलणारी मदतनीस ठेवता येते. मात्र त्याच घरात राहणाऱ्या जवळच्या नातलगाला त्यातून पगार देता येत नाही, कौन्सिलने खास गरज मान्य केली तरच देता येतो.

‘अटेंडन्स अलाउन्स’ हा भत्ता वेगळा. पेन्शनच्या वयाच्या लोकांना तो सरकारकडून मिळतो आणि त्यासाठी बचत पाहिली जात नाही. ज्यांच्या व्हिसावर सरकारी लाभांना मनाई आहे, त्यांनी मात्र भत्त्याचा अर्ज करण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घ्यावा.

सुनेचाही हक्क

देखभाल करणाऱ्या व्यक्तीच्या गरजांची स्वतंत्र पाहणी करण्याची तरतूद याच कायद्यात आहे. तिची झोप, तिची तब्येत, तिची नोकरी यांचा विचार त्यात होतो. आठवड्यातून काही तास दुसरे कुणी आम्मीजवळ बसले, तर तिला स्वतःच्या दवाखान्यात जाता येते. आई-वडिलांची जबाबदारी मुळात त्यांच्या मुला-मुलींवर आहे. सून करते ती तिची नेकी. त्या नेकीच्या नावाखाली तिला अंथरुणाला खिळवणे इन्साफाला धरून नाही.

ही खैरात आहे का?

इमाम अबू यूसुफ यांच्या ‘किताबुल खराज’मध्ये एक रिवायत आहे. हजरत उमर (रजि.) यांना दारोदार मागणारा एक वृद्ध, अंध यहुदी भेटला. त्यांनी त्याला आधी घरी नेऊन काही दिले आणि मग बैतुलमालमधून त्याची सोय लावली. वृद्धांची जबाबदारी राज्याने घ्यावी, हा विचार आपल्या इतिहासाला परका नाही. शिवाय ज्यांनी तिथे आयुष्यभर कर भरला, त्यांनी हक्क मागण्यात कसली लाज?

कौन्सिलने नकार दिला तर कारणे लेखी मागावीत आणि तिथेच तक्रार करावी. तरीही समाधान झाले नाही तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बड्समनकडे दाद मागता येते.

सूरह बनी इस्राईलमध्ये म्हाताऱ्या आई-वडिलांशी चढ्या शब्दात न बोलण्याची ताकीद आहे. रात्र-रात्र जागून थकलेल्या माणसाच्या तोंडून तसे शब्द लवकर निघतात. सकाळी अर्धा तास मदतनीस आंघोळ घालून गेली, तर दुपारी मुलगी किंवा सून आम्मीजवळ शांतपणे बसू शकते, तिच्याशी गप्पा मारू शकते. खिदमत तीही आहेच.

यंदा इंग्लंडला फोन कराल तेव्हा “परक्यांच्या हाती दिलं का?” असे विचारू नका. “आम्मीची असेसमेंट झाली का? आणि तुझी?” असे विचारा.