संगणकाची सुरक्षा-सुधारणा : घ्यावी की टाळावी?

आजची प्राथमिक शाळा केवळ फळा, खडू आणि हजेरीपट यांवर चालत नाही. विद्यार्थ्यांची नोंद, यूडायस-प्लसची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, ही सर्व कामे संगणकावर करावी लागतात. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील वाडीवरची शाळाही यास अपवाद नाही. या संगणकाच्या पडद्यावर अधूनमधून सूचना उमटते की, सुरक्षेची नवी सुधारणा, म्हणजेच अपडेट, आलेली आहे. काही शिक्षक ती तत्काळ स्वीकारतात. काही मात्र दर वेळी बाजूस सारतात. ‘अशाच एका सुधारणेने जगभरचे संगणक बंद पाडले होते,’ असे कारण ते देतात. हे कारण खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. यास्तव या प्रश्नाच्या दोन्ही बाजू समजून घेणे अगत्याचे आहे.

संगणकाची सर्व कामे ज्या मूळ व्यवस्थेच्या आधाराने चालतात, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज ही त्यांपैकी एक होय. ही व्यवस्था म्हणजे लक्षावधी ओळींचा आज्ञासमूह. एवढ्या मोठ्या वाड्यात एखाद्या खिडकीची कडी सैल राहून जाणे स्वाभाविक आहे. ती सैल आहे असे आढळताच निर्माते नवी कडी पाठवितात, तीच सुरक्षा-सुधारणा. मात्र नवी कडी पाठविली की कोणती खिडकी सैल होती हे चोरासही कळते. म्हणून जो ती बसवीत नाही, त्याचे घर पूर्वीपेक्षा अधिक धोक्यात येते.

आता दुसरी बाजू पाहू. दि. १९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतीय वेळेनुसार सकाळचे पावणेदहा वाजण्याच्या सुमारास क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या ‘फाल्कन’ नावाच्या संरक्षक कार्यक्रमासाठी एक लहानशी फाइल विंडोजच्या संगणकांवर पाठविली. ती पोहोचताच संगणक निळा पडदा दाखवून बंद पडू लागले व पुन्हा सुरू करताच पुन्हा बंद पडू लागले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक अशा रीतीने निकामी झाले. जगातील विंडोज संगणकांच्या मानाने ही संख्या शेकडा एकाहूनही कमी होती. परंतु ते संगणक विमानतळ, बँका व रुग्णालये यांचे असल्यामुळे परिणाम फार मोठा झाला.

दोष विंडोजचा होता, असा समज तेव्हा सर्वत्र पसरला. वस्तुतः दोष संरक्षक कार्यक्रमाच्या फाइलीत होता. कार्यक्रम २० रकान्यांची माहिती पुरवीत होता आणि नव्या फाइलीने २१ व्या रकान्यातील माहिती मागितली. वीस रकान्यांच्या तक्त्यात एकविसावा रकाना शोधणारा कारकून गोंधळून थांबेल, तसे येथे झाले. हा कार्यक्रम रखवालदाराप्रमाणे ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यात काम करीत असल्यामुळे तो कोसळताच सारा संगणकच कोसळला. शिवाय ती फाइल थोड्या संगणकांवर आधी वापरून न पाहता सर्वत्र एकदम पाठविण्यात आली होती. चूक ध्यानात येऊन ती ७८ मिनिटांत मागे घेतली गेली. पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

मुंबईसह देशातील अनेक विमानतळांवर प्रवाशांच्या लांब रांगा लागल्या. विमान कंपन्यांनी प्रवासाचे परवाने हाताने लिहून दिले. देशातील केवळ १० बँका व वित्तसंस्थांनाच किरकोळ अडचण आली, असे रिझर्व्ह बँकेने कळविले. दुरुस्तीचे काम मात्र कष्टाचे होते. बहुसंख्य ठिकाणी प्रत्येक संगणकापाशी जाऊन, तो विशेष पद्धतीने सुरू करून, ती फाइल हाताने पुसावी लागली. ज्यांची माहिती कुलूपबंद ठेवलेली होती, त्यांना ४८ अंकी किल्लीही शोधावी लागली. याच सुमारास दुरुस्तीच्या नावाखाली फसवणूक करणारेही पुढे सरसावले.

खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुधारणाही सदैव निर्दोष नसतात. जानेवारी २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टची एक सुरक्षा-सुधारणा घेतल्यावर ए.एम.डी. बनावटीचे काही संगणक सुरूच होईनात. तेव्हा अशा संगणकांपुरते तिचे वितरण थांबवावे लागले.

असे प्रसंग ऐकून लोकांचा विश्वास डळमळतो. पण सुधारणा न घेण्याचे फळ काय, हे २०१७ साली दिसून आले. त्या वर्षी १४ मार्च रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक सैल कडी दुरुस्त करणारी सुधारणा दिली. अनेकांनी ती घेतली नाही. दि. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू त्याच वाटेने शिरला व सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील माहिती कुलूपबंद करून बसला. पुढे २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ हा दुसरा विषाणू पसरला. त्याच्या प्रसाराचा एक मार्ग तीच सैल कडी होती. ज्या जवाहरलाल नेहरू बंदरातून नाशिकची द्राक्षे व कांदा परदेशी जातो, तेथील एका टर्मिनलचे कामकाज त्यामुळे ठप्प झाले. विशेष हे की, युक्रेनमधील एका हिशेबाच्या कार्यक्रमाच्या सुधारणेतूनच हा विषाणू प्रथम पसरविण्यात आला होता. एकाच घटनेत सुधारणा विषही ठरली, आणि दुसरी सुधारणा न घेणे हा अपराधही ठरला.

महाराष्ट्रास हा पेच नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. डॉ. हाफकिन यांनी तेथेच लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःस टोचून घेतली. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना ही लस टोचण्यात आली. त्यांपैकी एका बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना अपाय झाला नाही. दोष लसीचा नसून त्या एका बाटलीत शिरलेल्या दूषिततेचा होता. हाफकिन यांच्यावरील ठपका १९०७ मध्ये दूर झाला. त्या १९ जणांचे मरण खरे होते; तरीही लसच नाकारणे हा त्यावरील उपाय नव्हता. बाटली तपासून घेणे, हा उपाय होता.

संगणकाच्या बाबतीतही हाच विवेक हवा. शिक्षकांनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. सुधारणा घेण्यापूर्वी शाळेच्या माहितीची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी आणि तो काढून कपाटात ठेवावा.

२. माहिती भरण्याच्या अखेरच्या दिवशी सुधारणा घेऊ नये. शनिवारी शाळा सुटल्यानंतरची वेळ इष्ट. वीज जाण्याचा संभव असल्यास लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून घ्यावी. काम अर्धवट असता यंत्र बंद करू नये.

३. शाळेत अनेक संगणक असल्यास प्रथम एकावर सुधारणा घ्यावी आणि दोन-तीन दिवस पाहून मग इतरांवर घ्यावी. मात्र हा विलंब आठवड्यापलीकडे जाऊ देऊ नये.

४. सुधारणा संगणकाच्या सेटिंगमधूनच घ्यावी. दूरध्वनीवरून किंवा व्हॉट्सॲपवरून कोणी दुवा पाठविल्यास तो उघडू नये.

५. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. शाळेचा संगणक कोणत्या आवृत्तीवर चालतो हे पाहून त्याची नोंद जडसंग्रह नोंदवहीत करावी, म्हणजे वरिष्ठांकडे मागणी करणे सुलभ होईल.

६. हजेरीपट व दाखल-खारीज रजिस्टर हाताने लिहून अद्ययावत ठेवावे. विमानतळावरील कामही त्या शुक्रवारी अखेर लेखणीनेच निभावले होते.

शाळेच्या संगणकात एखाद्या मजुराच्या मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज असतो, एखाद्या स्थलांतरित मुलाच्या शिक्षणाचा एकमेव पुरावा असतो. ती माहिती बेफिकिरीने जाऊ नये आणि भीतीनेही जाऊ नये, हे पाहणे हा शिक्षकाच्या कर्तव्याचाच भाग होय.